कोळंबीला पांढरे ठिपके, लस कुठे मिळते? अर्जंट

क्षारपडवाला
वाळवा तालुका. क्षारपड रानात तळं काढून व्हनामी जातीची कोळंबी सोडलीय. कालपासून काठाला येऊन मरायला लागलीय, कवचावर पांढरे ठिपके. गुरांना लंपीची लस टोचतात तशी कोळंबीची कुठं मिळते? दुकानदारानं इम्युनिटीची बाटली दिलीय, डोस सांगा. उत्तर आजच पाहिजे.

मिरजेचा_बाळू
तरी म्हणत होतो, शेततळ्यात रोहू-कटला सोडा, डोक्याला ताप नाही.

क्षारपडवाला
खाऱ्या पाण्यात रोहू कसा वाढवू दादा?

हॅचरीत_होतो
पिल्लं किती दिवसांची? क्षारता किती? पाणी बोअरचं का? डोक्याचं कवच सोलून उजेडाकडं धरा, ठिपके चोळून जातात का बघा. चेक ट्रेत, म्हणजे खाणं बघायला तळ्यात ठेवतात त्या ताटलीत, खाद्य उरतंय का?

क्षारपडवाला
बोअरचं. क्षारता ८. ठिपके जात नाहीत, खाद्य उरतंय. बाटलीचं बोला की.

पोटॅश_अण्णा
आपल्याकडच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात समुद्राच्या मानानं पोटॅश कमी असतं. म्युरेट ऑफ पोटॅश टाका, उभी राहतील.

हॅचरीत_होतो
अण्णा, पोटॅश कमी पडलं तर वाढ खुंटते, कात टाकताना मरतात, मान्य. पण खाणं बंद, काठाला गर्दी आणि कवचात ठिपके, हे व्हाइट स्पॉट या विषाणूच्या रोगाचं लक्षण. तो विषाणू आठवडा-दहा दिवसांत तळं रिकामं करतो. तरी पीसीआर, म्हणजे विषाणू शोधायची लॅबची तपासणी, केल्याशिवाय नाव घेऊ नये, काही जिवाणूंनी आणि जड पाण्यानंही ठिपके येतात.

क्षारपडवाला
कोळंबीचं बी एसपीएफ होतं, पावती आहे!

हॅचरीत_होतो
एसपीएफ म्हणजे येताना ठरावीक रोग नव्हते, एवढंच. पुढं लागणार नाही असं कोणी लिहून दिलंय? खेकडे, कच्चं पाणी, मेलेली कोळंबी उचलून नेणारे बगळे, कुठूनही येतो. आणि लशीचं म्हणाल तर कोळंबीत अँटिबॉडी बनतच नाहीत. रक्तपेशी जंतूला गिळतात, नाहीतर भोवती काळं मेलॅनिन चढवून कोंडतात. तुमच्या बाटलीत बहुतेक यीस्टचं बीटा-ग्लुकन असेल. ते पेशींना जागं करतं, पण निरोगी असताना खाद्यातून दिलं तर. आता खातच नाहीत, मग देणार कुठून?

शोधनिबंधवाला
लस अशक्य नाही. २००४ साली टायगर कोळंबीला विषाणूचं व्हीपी२८ प्रथिन खाऊ घालून काही काळ संरक्षण मिळालं होतं.

हॅचरीत_होतो
प्रयोगशाळेत. त्याला वाळव्यात आज काय देताय?

ताटातलं_बोला
अशी कोळंबी खाल्ली तर चालते का? सांगलीत स्वस्त मिळाली तर घेईन म्हणतो.

हॅचरीत_होतो
हा विषाणू माणसाला लागत नाही. मेलेली नको, जिवंत काढलेली चालते. क्षारपडवाले, विकायजोगी असतील तर जाळं टाकून लगेच काढा. अँटिबायोटिक ओतू नका, विषाणूवर चालत नाही. पाणी ओढ्याला सोडू नका, आधी ब्लीचिंग टाकून तळ्यातच अडवा. एरेटर आणि जाळी शेजाऱ्याला देऊ नका. पाच-सहा मरायला टेकलेल्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घालून तपासणीला पाठवा.

क्षारपडवाला
मेडिकलचं स्पिरिट चालतंय का?

हॅचरीत_होतो
त्याचा भरवसा नको. अल्कोहोल नाही मिळालं तर पिशवीत घालून बर्फात ठेवा. फॉर्मेलिन मात्र नको, पीसीआर बिघडतं.

मिरजेचा_बाळू
रोहूचं मी आधीच बोललो होतो.