मदत हवी आहे: बंद पिकअप आणायला ट्रेलर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. ऑस्टिनजवळ राहतो. बंद पडलेली जुनी फोर्ड एफ-१५० डॅलसहून घरी आणायची आहे. ओढायला सिल्व्हराडो २५०० ही दणकट पिकअप आहे. पुढेही गाड्या आणणं होईल, म्हणून ट्रेलर विकतच घेतोय.

७,००० पौंडी (म्हणजे स्वतःसकट एकूण तेवढं वजन पेलणारा) ट्रेलर स्वस्त पडतो, पण त्याचं स्वतःचंच वजन २,००० पौंडांच्या आसपास. उरलेल्या ५,००० मध्ये पिकअप जेमतेम बसेल. हौद्यात सुटे भाग टाकले की संपलंच. त्यामुळे १०,००० पौंडी, दोन्ही ॲक्सलना ब्रेक असलेलाच घ्यावा असं वाटतं. लांबी ठरत नाहीये: १८ फूट की २०? हिचवर (ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला ट्रेलरवरची गाडी पुढेमागे सरकवायला जागा हवी, नाहीतर हायवेवर ट्रेलर झुलायला लागतो. गाडी बंद, म्हणजे वर ओढून घ्यायला विंच (दोर गुंडाळणारं यंत्र) लागणारच, मग रॅम्पपेक्षा टिल्ट डेक (मागे कलणारा ट्रेलरचा तळ) बरा का? वापरलेल्यांनी कृपया सांगा.