मदत हवी आहे: हाताने तपासून ‘गर्भपिशवीचं तोंड एक बोट उघडलंय’, आतून सोनोग्राफीत ‘३२ मिमी, बंद’. कुणाचं धरायचं?

काल रात्रीपासून झोप नाही, लांबलंय, सांभाळून घ्या. ताईला ३१ आठवडे पूर्ण झालेत, दुसरी खेप, पहिली नॉर्मल आणि दिवस भरून. काल संध्याकाळी पोट कडक व्हायला लागलं, आधी दुर्लक्ष केलं पण मग दर १० मिनिटांनी यायला लागलं आणि कंबर पण धरली म्हणून जवळच्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या मॅडमनी हाताने तपासलं, म्हणाल्या पिशवीचं तोंड एक बोट उघडलंय, कळा थांबवायच्या गोळ्या आणि बाळाच्या फुफ्फुसांचं इंजेक्शन लगेच सुरू करावं लागेल, पण आमच्याकडे एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) नाही, हलवायचं तर आत्ताच हलवा. हलवलं.

दुसरीकडे पहिली गोष्ट म्हणजे लघवीला जाऊन या म्हणाले. (एरवी सोनोग्राफीला पाणी पाजून पाजून बसवतात, मला वाटलं ह्यांचं काहीतरी चुकतंय.) मग आतून सोनोग्राफी. मी पडद्यापाशीच उभी होते. डॉक्टरांनी तोंडाची लांबी मोजली, थांबले, पोटावर वरून दाब दिला, परत मोजलं, ताईला खोकायला लावलं, परत मोजलं. ३५, ३४, ३२. रिपोर्टात ३२ लिहिलं, आतलं तोंड बंद, फनेलिंग (आतलं तोंड नरसाळ्यासारखं उघडणं) नाही. ४ तास पोटाला कळा आणि बाळाचे ठोके बघायचे पट्टे लावून ठेवलं, कळा विरळ झाल्या, लघवी तपासायला घेतली आणि घरी जा म्हणाले. इंजेक्शन नाही, गोळी नाही!

आता आई म्हणते ज्यांनी हात लावून बघितलं त्यांना जास्त कळणार की मशीनला. भाऊजी म्हणतात आकडा तो आकडा. ताई बिचारी दोघांकडे बघतेय. उघडलेलं आणि बंद, दोन्ही खरं कसं असेल? आणि इंजेक्शन घेऊन टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

पाळीवाली_सिस्टर: लेबर रूममध्ये १२ वर्षं काढलीत म्हणून सांगते, दोन्ही खरं असू शकतं. पिशवीच्या तोंडाला बाहेरचं एक आणि आतलं एक अशी दोन दारं समजा, मधे बोळ. आधी बाळंतपण झालेल्या बाईचं बाहेरचं दार बऱ्याचदा बोटाचं टोक जाईल इतकं सैल असतंच. बोट तिथवरच पोचतं. आतलं दार बंद आहे का आणि बोळ किती लांब आहे हे आतून सोनोग्राफीतच नीट दिसतं. लघवीची पिशवी भरलेली असेल तर ती दाबते आणि बोळ आहे त्यापेक्षा लांब दिसतो, म्हणून आधी रिकामी करायला लावतात. ३ मापांतलं सगळ्यात छोटं धरायचं, हेही बरोबरच केलंय.

आकड्याचं साधारण असं: ३० मिमी किंवा जास्त असेल तर पुढच्या ७ दिवसांत डिलिव्हरी व्हायची शक्यता फार कमी. २० च्या खाली असेल तर घरी सोडत नाहीत. मधे अडकलं तर स्वॅब टेस्ट (आतून काडीने नमुना घेऊन) करतात, पण ती हाताने तपासायच्या आधी घ्यायची असते, नाहीतर रिझल्टवर भरवसा राहत नाही. सगळीकडे हीच रेघ नाही, ब्रिटनमध्ये ३० आठवड्यांनंतर १५ मिमी धरतात.

इंजेक्शनचं म्हणाल तर (बीटामेथासोन असेल तर १२ मिग्रॅ, २४ तासांनी दुसरं) त्याचा जोर पहिल्या ७ दिवसांत जास्त. आज दिलं आणि बाळ महिन्याने आलं तर वेळेला उपयोग कमी, आणि परत परत देत बसायचं ते औषध नाही. कळा घेऊन आलेल्यांपैकी १० टक्क्यांहूनही कमी बायका त्या आठवड्यात बाळंत होतात. सगळ्यांनाच टोचायचं का मग?

पहिल्या मॅडमना मात्र नावं ठेवू नका. हाताशी आतून करायचं मशीन नसेल तर त्यांनी केलं तेच करावं लागतं.

दोन_पिल्लांची_आई: माझं बरोबर उलटं झालं. २९ वा आठवडा, कळा इतक्या हलक्या की मी नवऱ्याला म्हटलं उगाच आलो, परत जाऊ. माप आलं १४. व्हीलचेअरवरून उठूच दिलं नाही. दोन्ही इंजेक्शनं झाली, मग मॅग्नेशियमची ड्रिप (बाळाच्या मेंदूसाठी, अंगात आग आग होते, आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरायला होत नाही) आणि चौथ्या दिवशी लेक झाली. त्यामुळे किती दुखतंय त्यावर मी तरी कधीच जाणार नाही.

धागाकर्ती: आत्ता लघवीचा रिपोर्ट आला, इन्फेक्शन निघालं, अँटिबायोटिक लिहून दिलंय. कळा त्याच्यामुळे असतील का? आणि आई तिला बाथरूमला पण उठू देत नाहीये.

पाळीवाली_सिस्टर: हो, इन्फेक्शनने पोट कडक होतं, कोर्स पूर्ण करा. सक्त झोपवून ठेवू नका, त्याने डिलिव्हरी पुढे जात नाही, उलट पायात गुठळी व्हायची भीती. घरात हळूहळू फिरू दे. पण पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा कळा परत १०-१० मिनिटांवर आल्या तर ३२ चा कागद दाखवत घरी बसायचं नाही. ते माप कालचं आहे. सरळ एनआयसीयूवाल्या ठिकाणीच जा.

धागाकर्ती: आईला वाचून दाखवलं. बाथरूमची परवानगी मिळाली. दाराशी भरून ठेवलेली बॅग मात्र उचलू देत नाहीये.