नवरा रात्री उठून ऑक्सिमीटर लावत बसतो, डॉक्टरकडे जायला कसं तयार करू? (नाशिक)

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

आम्ही सिडकोत राहतो. नवरा ४३ वर्षांचा, सातपूर एमआयडीसीत सुपरवायझर. एप्रिलमध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत सासऱ्यांना ताप आला, साधा असेल म्हणून ह्यांनी दोन दिवस घरीच गोळ्या दिल्या (तेव्हा टेस्टचा रिपोर्टच चार-चार दिवस येत नव्हता), तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन ८४. मग बेडसाठी फोन, रेमडेसिविरच्या रांगा, सगळ्यांनीच बघितलंय ते, परत लिहीत नाही. २१ तारखेला इथे ऑक्सिजनची टाकी लीक होऊन २२ पेशंट गेले तेव्हा बाबा वेगळ्या हॉस्पिटलात होते, तरी हे रात्रभर बाबांच्या हॉस्पिटलातल्या टाकीजवळ जाऊन उभे राहिले. २४ ला बाबा गेले.

अमरधाम स्मशानात लांबूनच बघितलं. दोन दिवसांनी आम्ही दोघंही पॉझिटिव्ह, त्यामुळे अस्थी चुलत दिरांनी नेल्या आणि दहावं राहिलं ते राहिलंच. कुठून कुठून लोक दहाव्याला रामकुंडावर येतात आणि आमचं घर तिथून अर्ध्या तासावर!

आता जून संपत आला. कंपनीत जातात, काम चोख, त्यामुळे बाहेरच्यांना सगळं ठीकच वाटतं. पण रात्री अडीचला उठून ऑक्सिमीटर लावतात, स्वतःला, मला, झोपलेल्या पोरीच्या बोटाला पण. ९८ आलं तरी पाच मिनिटांनी परत. आणि आकडे लिहितात बाबांच्या दुधाच्या हिशोबाच्या वहीत, बाबांचं अक्षर जिथे संपलं त्याच्या खाली. अॅम्ब्युलन्सचा आवाज आला की घास तसाच ताटात. परवा एकदम म्हणाले, "दोन दिवस फुकट घालवले मी." मी म्हटलं अहो तुम्हाला कसं कळणार होतं, तर उठून गॅलरीत गेले.

नणंद म्हणते प्राणायाम करायला लाव, मन रमव. केलं सगळं. डॉक्टरचं नाव काढलं की "मी काय वेडा आहे का, ठाण्याच्या मनोरुग्णालयात टाकायचंय का मला?"

आधी मानसोपचारतज्ज्ञ की समुपदेशक? आणि न्यायचं कसं?

---

गोदाकाठ: ताई, आधी फॅमिली डॉक्टर. मिस्टरांना कोविडमध्ये स्टेरॉइड दिले होते का? त्याने शुगर वाढते, झोपही उडते. शुगर, थायरॉइड, बी१२ बघून घ्या. दोघांतला फरक म्हणजे गोळ्या मानसोपचारतज्ज्ञच देऊ शकतात, समुपदेशक बोलून काम करतात, बऱ्याचदा दोन्ही लागतं. सिव्हिलला पण मानसोपचार विभाग आहे, तिथे खर्च कमी.

साधामाणूस: मी स्वतः ह्यातून गेलोय म्हणून सांगतो, "मनाचा डॉक्टर" म्हणूच नका, "झोप लागत नाही, त्यासाठी जाऊ" म्हणा. खोटं नाहीये ते. मला गोळ्यांचा फरक कळायला तीन आठवडे लागले, पहिल्या आठवड्यात तर मळमळच, तेव्हाच सोडणार होतो, बायकोने सोडू दिलं नाही. आणि "तुमचा दोष नाही" हे आम्हाला ऐकू येत नाही हो. त्याऐवजी त्या दोन दिवसांत काय काय झालं ते सांगू द्या त्यांना, मध्ये बोलू नका.

मनीमाऊ: एक विचारते, राग मानू नका. मरणाचं काही बोलतात का? सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. तसं काही म्हणाले तर सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि एकटं ठेवू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात.
राहिलेल्या दहाव्याचं पण गुरुजींना विचारा. आमच्याकडे दीड महिन्याने केलं होतं. औषधाच्या जागी नाही म्हणत मी, पण माझा भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा रडला.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. हो, स्टेरॉइड होते, हे डोक्यातच आलं नव्हतं. मरणाचं विचारलं काल रात्री, हातपाय कापत होते माझे. "नाही गं, पोरगी आहे ना," म्हणाले, मग बराच वेळ बाबांबद्दल बोलत होते. सोमवारी फॅमिली डॉक्टरकडे जातोय, "झोपेसाठी". रामकुंडाचं काढलं तर "बघू" म्हणाले, नाही म्हणाले नाहीत.
वही काढून ठेवू का तशीच राहू देऊ? आणि सिडको-इंदिरानगरकडे समुपदेशकाची एका वेळची फी साधारण किती असते, कुणाला माहीत असेल तर सांगा.