'अग्ली'ला कुरूप म्हणायचं का? आणि 'कन्फॉर्मिटी'ला काय?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितेय. धरमपेठेत आम्ही काही जणी आठवी-नववीच्या पोरांसोबत पुस्तकं वाचतो, सध्या स्कॉट वेस्टरफेल्डची 'अग्लीज' चालू आहे, २००५ ची. त्यातल्या शहरात सोळावा वाढदिवस झाला की प्रत्येकाचं ऑपरेशन होतं, हाडं, कातडी, डोळे सगळं ठरलेल्या मापात, आणि तोपर्यंत तुम्ही कसेही दिसा, नाव एकच, 'अग्ली'. नायिका टॅलीला पुढे कळतं की त्याच ऑपरेशनात मेंदूलाही हात लावलेला असतो, म्हणून तर सगळे खूश आणि कोणी काहीच विचारत नाही. पोरं सरळ 'कुरूप' म्हणून राहिली, मला ते पटत नाही. आणि 'कन्फॉर्मिटी'ला, म्हणजे सगळ्यांसारखंच व्हायच्या दबावाला, डिक्शनरीवाला 'अनुरूपता' तर अजिबात नको, 'अनुरूप स्थळ' म्हटलं की आपल्याला आनंदच होतो, त्यात जबरदस्ती कुठे दिसते? सुचवा काही.

—

ताई, 'अनघड' घ्या. न घडवलेला दगड असतो तसा. ऑपरेशन झालेले ते 'घडीव'. कुरूप म्हटलं की त्या पोरांत खरंच काही खोट आहे असं आपणच कबूल करतो, अनघड म्हटलं की अजून कोणी छिन्नी लावली नाही, एवढंच.

—

अनघड छान आहे पण टोचत नाही ना. कादंबरीत ती शिवीच आहे आणि पोरं स्वतःलाच ती देतात, सगळं दुखणं तिथंच आहे. आपल्याकडे वर्गात 'भद्दा', 'भद्दी' म्हणतात, तोच ठेवा. आणि रूपाची मापं म्हणाल तर स्थळांच्या जाहिराती काढून पाहा, निमगोरी, नाकीडोळी नीटस, रंग उजळ... बर्डीच्या बाजारात बायोडाटाचा फोटो काढायला जा, काउंटरवरचा पोरगा न विचारता स्क्रीनवर रंग दोन छटा वर नेतो, गालावरचा तीळ पुसतो आणि म्हणतो "आता बरोबर झालं". बरोबर म्हणतो तो, सुंदर नाही.

कन्फॉर्मिटीला 'चारचौघांसारखं' याच्यापुढे काही नाही. "चारचौघींसारखी राह्य ना बाई" हे किती मायेनं म्हणतात, धाक नसतोच त्यात, म्हणून तर मोडवत नाही. आणि आपल्या डोक्यानं चालणाऱ्या पोरीसाठी काय शब्द आहेत पाहा, आगाऊ, दीडशहाणी, "जास्तच शहाणी झाली काय बे तू". कौतुकाचा एक तरी रोजचा शब्द सांगा मला.

—

रोजचा नसेल, पण दीक्षाभूमीच्या गावात 'अत्त दीप भव', स्वतःच स्वतःचा दीप हो, कोणाला माहीत नाही? पालीत 'दीप' म्हणजे दिवाही आणि बेटही, आणि टॅलीला तर दोन्ही लागतात, अंधारात दिवा आणि लोंढ्यात पाय टेकायला बेट. तुकोबांचं 'मानियेले नाही बहुमता' हेही पोरांकडून पाठ करून घ्या.

पण मला खरं सांगायचंय ते चोखोबांचं. परंपरेनं ते मेहुणाराजाचे, म्हणजे आपल्या बुलडाण्याचे. "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा." डोंगा म्हणजे वाकडा. यातलं 'भुलणं' पाहा. वरच्या रंगाला माणूस भुलतो, आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टर देतात तीही भूलच. त्या शहरातल्या देखण्या लोकांना घडीव म्हणा, रेखीव म्हणा, त्यांच्या डोक्याचं जे झालंय त्याला 'भूल' हाच शब्द, कारण भूल दिलेल्याला दुखत नाही आणि काय कापलं तेही कळत नाही.

—

काका, हे तर मी उद्याच फळ्यावर लिहिणार. मग असं करते, पोरांच्या तोंडी 'भद्दे', टोचू दे. 'अनघड' राखून ठेवते, शहराबाहेर वाढलेला, ऑपरेशन न झालेला डेव्हिड टॅलीला आहे तशीच सुंदर म्हणतो ना, तिथे तो शब्द बाहेर काढीन. 'चारचौघांसारखं' आणि 'भूल' पक्के. अशा वरून छान, आतून जाचक जगाला 'डिस्टोपिया' म्हणतात, तो शब्द तसाच राहू द्या, पोरं तोच म्हणतात आणि त्यांना समजतोही.

एकच अडलंय. आमच्यातली नववीची एक पोरगी विचारून राहिली, की भूल उतरली तर दुखणार ना, मग लोक ती उतरवून का मागतील? मला तिला वरवरचं काही सांगायचं नाही. कोणी नीट विचार केला असेल तर शनिवारच्या आत लिहा.