पद्मिनीचं इंजिन नव्याने बांधलं, तरी घाटात तापते. आधी काय तपासू?

सातारकर
नमस्कार मंडळी. वडिलांची 1982ची प्रीमियर पद्मिनी आहे. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती, आता इंजिन पूर्ण उघडून बांधून घेतलं. बोअर, ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह, हेडचं फेसिंग (तळ सपाट घासणं), सगळं झालं. आवाज गोड आहे, ऑइल खात नाही, पिकअपही छान.

पण तापते. गावात रहदारीत काटा मधोमध असतो. हायवेला सलग 60च्या वर ठेवली की हळूहळू चढतो, आणि पुण्याहून येताना खंबाटकी घाटाच्या वरच्या वळणांवर लालला टेकतो. रेडिएटरचा कोअर (आतली जाळी) नवा, वॉटर पंप नवा, होज नवे. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकलाय. ते म्हणतात इंजिन टाइट आहे, हजारेक किलोमीटर चालली की बसेल. बाकीचे कुणी इलेक्ट्रिक फॅन लावा म्हणतात, कुणी मोठा रेडिएटर. खर्चाची तयारी आहे, पण कशावर करू?

वर्कशॉपवाला
दादा, सगळ्यात आधी घाट बंद करा. या इंजिनाचा ब्लॉक लोखंडी आणि हेड अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. दोन-चार वेळा उकळली की नुकतंच फेसिंग केलेलं हेड पुन्हा वाकणार आणि हेड-ब्लॉकमधलं पॅकिंग जाणार. मग मूळ दोष कुठला आणि त्यातून झालेला कुठला, हेच कळेनासं होतं.

आता लक्षण बघा. रहदारीत तापली असती तर मी पंखा, पट्टा, हवा इकडे बघितलं असतं. तुमची गाडी हवा भरपूर मिळते तेव्हा तापते. म्हणजे एक तर पाणी फिरत नाहीये, नाही तर इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. इलेक्ट्रिक फॅनने यातलं काहीच सुटणार नाही. पैसे खिशात ठेवा.

नवं बांधलेलं इंजिन थोडं गरम चालतं हे खरं. पण लालला टेकणं हे टाइटपणाचं लक्षण मी मानत नाही.

तपासायला पैसे फारसे लागत नाहीत. इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा, स्टार्ट करून हलका रेस द्या. सतत बारीक बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. पॅकिंग नीट बसलेलं नाही किंवा हेडला तडा आहे. मग झाकण लावून, इंजिन गरम झाल्यावर, मदतनिसाला जोरात रेस द्यायला सांगा आणि तुम्ही खालच्या होजकडे बघा. पंप त्या बाजूने पाणी ओढतो. होज मऊ असेल आणि आत स्प्रिंग नसेल तर वेगात तो चपटा होतो, आणि गाडी थांबली की पुन्हा गोल. त्यामुळे गॅरेजमध्ये कुणाला दिसत नाही. बाजारातले नवे होज बऱ्याचदा बिनस्प्रिंगचे येतात, म्हणून नवा आहे म्हणून सोडू नका. हात आणि शर्टाची बाही पंख्यापासून लांब ठेवा.

ठाणेकर
पेट्रोलचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आता पंपावर E20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये वजनाने एक तृतीयांशाहून जास्त ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाड्यांत सेन्सर पाहून कॉम्प्युटर इंधन वाढवतो. आपल्या कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मात्र पूर्वीच्या पेट्रोलसाठी भोक पाडलेला, तो तेवढंच सोडणार. मिश्रण पातळ होतं आणि लोडवर इंजिन तापतं. घाट चढून आल्या आल्या स्पार्क प्लग काढून बघा. टोक पांढरंफटक असेल तर मेन जेट एक नंबर मोठा लावून पाहा. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्याही E20ला चालणाऱ्या घ्या, जुनं रबर त्याने खराब होतं.

टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते, तेही बघाच. इंजिन बांधल्यावर डिस्ट्रिब्युटर कानाच्या अंदाजाने बसवतात. टायमिंग मागे राहिलं की पेट्रोल उशिरा जळतं आणि ती उष्णता एक्झॉस्टच्या बाजूने हेडच्या पाण्यात जाते. टायमिंग लाइट लावा, आणि रेस दिल्यावर खूण पुढे सरकते का ते पाहा. सरकत नसेल तर आतली अॅडव्हान्सची वजनं अडकलीत.

जुनी_गाडी
एक शंका. घाटात गाडी बंद पडते का? आमची पडायची, आणि आम्ही तापली समजून पाणी ओतत बसायचो. खरं तर पेट्रोल पंपात वाफ धरायची. पंपावर ओलं फडकं ठेवलं की चालू.

सातारकर
नाही, बंद पडत नाही. काटाही खोटा नाही, सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरून पाहिला.

सांगितलेलं केलं. बुडबुडे नाहीत. खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे, चपटा होत नाही. टायमिंग थोडं मागे होतं, ते लाइट लावून घेतलं. प्लग फिकट होते, जेट बदलला. फरक पडला, सपाट रस्त्यावर आता काटा स्थिर आहे. चढावर अजून चढतोच.

वर्कशॉपवाला
म्हणजे टायमिंग आणि जेटचा वाटा होता, पण मुख्य दोष आत आहे. इन्फ्रारेड गन कुणाकडून आणा. एक काळजी घ्या: चकचकीत अॅल्युमिनियमवर आणि पितळेवर ती खोटं, कमी तापमान दाखवते. जिथे मोजायचं तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. वरचा होज, खालचा होज, रेडिएटरची जाळी चारही कोपऱ्यांत, आणि ब्लॉक एक नंबरच्या सिलिंडरपासून चार नंबरपर्यंत, असं मोजा.

थर्मोस्टॅट परत बसवा. त्याशिवाय पाणी कधी गरम, कधी गार राहतं आणि मोजमापाला अर्थ उरत नाही. ज्या इंजिनात बायपास असतो तिथे तो काढल्यावर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत ब्लॉकमध्ये जातं, म्हणजे उलटंच काम. बसवण्याआधी पातेल्यात गरम पाण्यात सोडून उघडतो का बघा.

सातारकर
थर्मोस्टॅट बसवला, उभ्या गाडीला बराच वेळ रेस देऊन मोजलं. वरचा होज 88, खालचा 77. जाळी सगळीकडे सारखी. पण ब्लॉकवर एक नंबरपाशी 86 आणि चार नंबरपाशी, खालच्या अंगाला, 109.

वर्कशॉपवाला
सापडलं असं समजा. रेडिएटर आपलं काम करतोय, होजमधला 10-11 अंशांचा फरक ठीक आहे. पाणी मागच्या सिलिंडरभोवती पोचतच नाही. पंप पुढे असतो, मागचा कोपरा पाण्याला सगळ्यात लांबचा. गंज, विहिरीच्या पाण्याचे क्षार, जुनं लीकेज बंद करायला टाकलेली पावडर, सगळं तिथे तळाशी बसतं. इंजिन गार झाल्यावर ब्लॉकचा पाणी सोडायचा प्लग काढा. पाणी धो धो यायला हवं.

सातारकर
काका, प्लग काढला आणि थेंबसुद्धा आला नाही! रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. भोकात तार घातली तर बोटभर आत जाऊन अडली. टोचत राहिलो तेव्हा आधी तपकिरी चिखल आला, मग खपल्या, मग पाणी.

वर्कशॉपवाला
हेच ते. ब्लॉक बोअरला गेला तेव्हा वेल्श प्लग (ब्लॉकच्या बाजूची भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) न काढताच धुतला असणार. सिलिंडर आरशासारखे झाले आणि जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जागेत, चिखल तसाच राहिला. वेल्श प्लग काढले आणि ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळला, याची खात्री केल्याशिवाय कुणीही ब्लॉक ताब्यात घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता इंजिन न उतरवता बघू. बाजूचे वेल्श प्लग काढा. जुन्या क्लच केबलची तार टोकाला उसवून ड्रिलला लावा आणि आत फिरवा, मधूनमधून पाण्याचा प्रेशर आणि हवा मारा. हे करताना वरचा-खालचा होज सोडून ठेवा, नाही तर ती घाण नव्या कोअरमध्ये जाऊन बसेल. मग सायट्रिक अॅसिड पाण्यात घालून इंजिन थोडा वेळ चालवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. कॉस्टिक किंवा संडास धुवायचं अॅसिड अजिबात नको, अॅल्युमिनियमचं हेड खाऊन टाकेल. नवे वेल्श प्लग पितळी मिळाले तर पितळी घ्या.

सातारकर
केलं. बादलीच्या तळाशी मूठभर खपल्या आणि वाळू जमली. आता चार नंबर 91 दाखवतो! साधं पाणी काढून कूलंट भरू का? आणि घाट कधी?

वर्कशॉपवाला
कूलंट भरा, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. त्याहून दाट करू नका, उष्णता वाहून न्यायला पाणीच चांगलं. भरताना गाडीचं तोंड चढाला लावा आणि हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा, म्हणजे हवा अडकणार नाही. आधी वाईपर्यंत जाऊन या. इंजिन रात्रभर गार होऊ द्या आणि हेडचे बोल्ट क्रमाने, मधून बाहेर, टॉर्क रेंचने पुन्हा ओढा, त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावा. चार नंबरच्या पॅकिंगने बराच ताप सोसलाय, त्यामुळे बुडबुड्यांची तपासणी पुन्हा एकदा करा. बुडबुडे नसले की खंबाटकी.