मदत हवी आहे: डुकरांच्या शेडचं घाण पाणी पावसाळ्यात कुठे जिरवायचं?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घरची 1500 चौरस मीटर उताराची जमीन आहे, कागद माझ्या नावावर. 4 माद्या आणि 1 नर, लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची डुकरं, एवढ्यावरच सुरुवात करायची आहे.

गेल्या वर्षी दोन पिल्लं पाळून पाहिली. पशुवैद्यांकडून स्वाइन फिव्हरची लस टोचून घेतली. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग उष्ट्यातूनही पसरतो, त्या भीतीने हॉटेलचं उष्टं घालत नाही, फुकट मिळालं तरी. गिऱ्हाईकही आहे, चोरीस (डुकराच्या मांसाचे गोव्याचे सॉसेज) करणारे आत्तापासूनच विचारतात.

घोडं अडलंय ते घाण पाण्यावर. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीत खड्डा खणला, जुलैत तो काठोकाठ भरला आणि काळं पाणी थेट शेजारच्या काकांच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) उतरलं. पोफळींच्या मुळाशी नुसता फेस! काकांनी बोलणं टाकलं नाही, हेच नशीब. त्यांची विहीर शेडपासून 40 मीटरवर, तीही उताराखाली. शेड वर हलवता येत नाही, तिथे रस्ता आहे. खर्च 60 हजारांच्या आत बसवायचाय.

लहान बायोगॅस बांधावा, की घाण शोषायला शेडमध्ये लाकडाच्या भुशाचं जाड अंथरूण करावं? आपल्या दमट पावसात तो भुसा कोरडा राहतो का? गोव्यात किंवा सिंधुदुर्गात कुणी करून पाहिलंय का?