लालबाग-काळाचौकीची माणसं गेली कुठे? लोकसंख्या घटली, मग गर्दी का वाढली?

काळाचौकीचा

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे.

यंदा गणपतीत जुन्या चाळीत गेलो होतो. आमच्या मजल्यावर सोळा खोल्या. लहानपणी दिवसा एकही दार बंद दिसायचं नाही. या वेळी मोजलं तर नऊ दारांना कुलूप, तीन खोल्यांत भाडेकरू मुलं आणि जुनी कुटुंबं फक्त चार. आरतीला टाळ धरणारे बहुतेक सगळे विरार, डोंबिवली, कल्याणहून आलेले. परतीची गाडी चुकू नये म्हणून आरती साडेसातलाच घेतली. आम्ही स्वतः १९९८ साली बदलापूरला गेलो, त्यामुळे तक्रार कुणाबद्दल करू?

घरी आल्यावर जनगणनेचे आकडे काढले. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग. १९८१ साली ३२,८५,०४०. १९९१ साली ३१,७४,८८९. २००१ साली थोडी वाढून ३३,३८,०३१ आणि २०११ साली ३०,८५,४११. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी! त्याच काळात उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून साडेत्र्याण्णव लाखांवर गेला. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढचं कळत नाही.

गावं ओस पडतात हे ठाऊक आहे. पण मुंबई कशी घटते? आणि माणसं कमी झाली असतील तर संध्याकाळी करी रोडच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा का नसते?

विचारण्याचं कारण घरचं आहे. चाळ पुनर्विकासाला चालली आहे. खोली वडिलांनंतर आईच्या नावावर झाली. भाऊ म्हणतो, नवं घर मिळालं की विकून मोकळं होऊ. सही करायच्या आधी मला हे नीट समजून घ्यायचं आहे.

---

नकाशावाला

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते सोपं आहे. जनगणना माणूस जिथे राहतो तिथे त्याला मोजते. करी रोडला तुम्हाला दिसते ती कामाला आलेली गर्दी. ती बदलापूर, नालासोपारा, पनवेलला मोजली गेलेली असते. रात्री दहानंतर त्याच जिन्यावर उभे राहा, फरक कळेल.

घट सगळीकडे एकाच कारणाने झालेली नाही. काळबादेवी-भुलेश्वरचा सी वॉर्ड बघा. २००१ साली दोन लाखांवर असलेली वस्ती २०११ मध्ये एक लाख सहासष्ट हजारांवर आली. तिथे कापड गिरण्या नव्हत्या. तिथे राहत्या खोल्यांची गोदामं, पेढ्या आणि दागिन्यांचे कारखाने झाले. तुमच्या भागात गिरण्या गेल्या. शिवाय त्या दशकात बऱ्याच इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या झाल्या होत्या आणि त्यांतली कितीतरी माणसं उपनगरांतल्या संक्रमण शिबिरांत, म्हणजे तात्पुरत्या घरांत होती. ती तिथे मोजली गेली. काही परत आली, काही आलीच नाहीत.

एक परिणाम फारसा कुणी बोलत नाही. मतदारसंघांची फेररचना २००१ च्या आकड्यांवर झाली. आधी शहराला विधानसभेच्या १७ जागा होत्या आणि उपनगराला १७. २००९ च्या निवडणुकीपासून शहराला १० आणि उपनगराला २६. खेतवाडी, परळ, दादर ही नावं मतदारसंघ म्हणून संपली. तुमच्या चाळीतलं पाणी जात असेल तर ते विचारायला आता कमी आमदार आहेत.

---

वर्गशिक्षिका

मी महापालिकेच्या मराठी शाळांत १९७८ ते २०११ शिकवलं, सगळी वर्षं लालबाग-परळच्या पट्ट्यात. आकडे वरच्या भावाने सांगितले. मी जनरल रजिस्टरबद्दल सांगते. प्रत्येक शाळेत ते असतं, आणि त्यात एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचे कारण'. तेहतीस वर्षांत तो रकाना मी माझ्या हाताने भरला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठच्या आसपास गिरण्या, अडीच लाख कामगार. माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता, पटावर बावन्न मुलं. एप्रिलपर्यंत काही जाणवलं नाही, फक्त डब्यात भाजी दिसेनाशी झाली. मेच्या सुट्टीत मुलं गावी गेली ती जूनमध्ये परत आलीच नाहीत. मग एकेक बाप दाखला न्यायला यायचा. मालवण, कणकवली, चिपळूण, पाटण. मी लिहायचे, 'गावी गेला'. दोन वर्षांत ते दोन शब्द इतक्या वेळा लिहिले की रजिस्टरचं ते पान मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. 'संप' हा शब्द मी एकदाही लिहिला नाही. तसं कारण लिहायची पद्धतच नव्हती.

त्याआधी इथे माणसं कशी राहत होती, हे नव्या लोकांना सांगावं लागतं. एका गाळ्यात पंधरा-पंधरा बाप्ये, पाळीप्रमाणे झोपायचे. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या वळकटीवर तिसऱ्या पाळीचा आडवा व्हायचा. त्यांची जेवणं खाणावळवाल्या बायका करायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. संपात कामगारांचा पगार थांबला, पण या बायकांनी उधारीवर जेवण घालणं थांबवलं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने पितळेची मोठी पातेली विकून महिनाभर वीस माणसांना जेवू घातलं. ते बाप्ये गावी गेले आणि तिची उधारी त्यांच्याबरोबर गेली. २००१ साली शहरात हजार पुरुषांमागे ७७७ बायका होत्या, २०११ मध्ये ८३२ झाल्या. लोक म्हणतील सुधारणा झाली. मला त्या आकड्यात रिकामे गाळे दिसतात.

दुसरा काळ नव्वदीनंतरचा. रकान्यात आता 'पत्ता बदलला' येऊ लागलं. डोंबिवली, दिवा, नालासोपारा, बदलापूर. (तुमचा दाखला १९९८ चा असेल तर कदाचित माझ्याच अक्षरात असेल.) दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांची लग्नं झाली की तिसऱ्याला झोपायला जागा नसायची. खोली पागडीने द्यायची आणि त्या पैशात लांब का होईना, स्वतःचा संडास असलेलं घर घ्यायचं. या जाण्याला मी दोष देत नाही. पण चाळी अशा का झाल्या तेही बघा. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या दरांवर गोठली. भाडेकरू टिकला तो त्या कायद्यामुळे, हे खरं आहे. पण मालकाने डागडुजी सोडली, आणि दर पावसाळ्यात कुठली तरी गॅलरी खाली यायची.

याच काळात गिरण्यांच्या जमिनीचं ठरलं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, ५८ व्या कलमात, ढोबळपणे तीन वाटे होते: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची न राहता आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याचीच झाली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? सगळीकडे शेड. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये तो बदल कायम झाला. सुमारे सहाशे एकर जमीन होती ती. त्यावर घरं, मैदानं, शाळा झाल्या असत्या तर माझ्या रजिस्टरमध्ये 'पत्ता बदलला'च्या पुढे 'काळाचौकी ते लोअर परळ' असंही लिहिता आलं असतं. मला या गोष्टीचा राग अजून आहे आणि तो मी लपवत नाही.

शेवटच्या आठ-दहा वर्षांत तिसरं कारण, 'इंग्रजी माध्यमात प्रवेश'. आधीच उरलेली थोडी मुलं, तीही गेली. शाळा एकदम बंद होत नाही. आधी 'क' तुकडी जाते, मग 'ब'. मी निवृत्त झाले तेव्हा पहिलीत अकरा मुलं होती. त्या पाठोपाठ पिठाची गिरण गेली, रेशनचं दुकान लांब गेलं, आणि पाच रुपयांत तपासणारे डॉक्टर वारले त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

गर्दीबद्दल एवढंच. परळ-एल्फिन्स्टनचा तो पूल आम्ही आयुष्यभर वापरला. गिरण्यांच्या तीन पाळ्या होत्या, आणि बहुतेक कामगार चालत यायचे, कारण ते शेजारीच राहायचे. त्याच जमिनींवर कचेऱ्या आल्या, सगळ्यांची वेळ एक आणि सगळे गाडीने येणारे. पूल तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला पावसात त्या जिन्यावर २३ माणसं गेली. राहणारा माणूस हलवून काम करणारा माणूस आणला, पण त्याच्या पायाखालच्या वाटेचा विचार झाला नाही.

---

सातवा_मजला

बाई, तुमचं वाचून सकाळची गाडी सोडली. पण दुसरी बाजूही मांडतो, कारण प्रश्नकर्त्याला निर्णय घ्यायचा आहे.

मी चाळीतून पुनर्विकासाच्या इमारतीत आलो त्याला बारा वर्षं झाली. माझी आई गुडघेदुखीत तिसऱ्या मजल्याच्या टोकाला सार्वजनिक संडासात जायची, रात्री हातात बॅटरी घेऊन. नव्या घरात आल्यावर तिने पहिल्या दिवशी तीनदा नळ सोडून बघितला. ज्यांना चाळ आठवते त्यांनी हेही आठवावं. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या, १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. त्यांच्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही.

आता अडचण. आमच्याकडे ६४ जुनी कुटुंबं होती, आज ३७ आहेत. चाळीचं भाडं शंभर-सव्वाशे होतं, इथे देखभाल महिना साडेसहा हजार. बिल्डरने देखभालीसाठी ठेवलेल्या रकमेचं, म्हणजे कॉर्पसचं व्याज चार वर्षांत अपुरं पडलं. नोकरीत असलेल्याला झेपतं; पेन्शन नसलेल्या गिरणी कामगाराच्या विधवेला झेपत नाही. ती विकते आणि टिटवाळ्याला जाते. शेजारच्या, बिल्डरने बाहेर विकायला बांधलेल्या टॉवरमध्ये रात्री दिवे मोजा. गुंतवणुकीसाठी घेऊन ठेवलेली घरं, कितीतरी मजले काळोखात. जिथे पाच माणसं राहायची तिथे आता दोन, नाहीतर कुणीच नाही. लोकसंख्या अशीही घटते.

म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: कॉर्पस किती आणि कुणाच्या नावावर, बांधकाम चालू असेपर्यंतचं भाडं दर वर्षी किती वाढणार, तुमच्या इमारतीला लिफ्ट किती, आणि देखभालीचा हिशेब विक्रीच्या टॉवरपासून वेगळा आहे का. आमच्या बिल्डरने हे तोंडी सांगितलं होतं.

---

कणकवलीकर

बाईंनी ज्यांचे दाखले लिहिले त्यातला एक मी. १९८३, तिसरी. कारण 'गावी गेला'.

लोकांना वाटतं मुंबईची माणसं गावी गेली म्हणजे गाव भरलं. सिंधुदुर्ग २००१ मध्ये ८,६८,८२५ होता, २०११ मध्ये ८,४९,६५१. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. दोन्ही जिल्हे घटले. आम्ही परत आलो, दहावी झालो आणि पुन्हा निघालो. या वेळी लालबागला खोली परवडत नव्हती म्हणून वसई, विरार, कल्याण, कुणी पुणे, कुणी गोवा. ठाणे जिल्हा त्या दहा वर्षांत ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला, त्यात आमची माणसं आहेत. माझे दोन भाऊ आहेत.

वडिलांनी म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज केला होता. दीड लाखाच्या आसपास अर्ज, घरं काही हजार. सोडतीत नाव लागलं नाही. नंतर पनवेलकडच्या घरांची सोडत झाली, आता शेलू-वांगणीचं चाललं आहे. बाबा म्हणायचे, "माका परळातच घर व्हया. काम परळात केलंय." अर्जाची पावती त्यांच्या पाकिटात शेवटपर्यंत होती. ते २०१९ ला गेले. पावती मी ठेवली आहे.

---

काळाचौकीचा

सगळ्यांचे आभार. कणकवलीकरदादा, तुमच्या पावतीचं वाचून आईला बोलावलं आणि सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. बाईंच्या खाणावळीच्या परिच्छेदाला ती मध्येच थांबवून म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकू." तुमची विद्यार्थिनी त्यांचीच मुलगी का ते माहीत नाही, पण आमच्या चाळीतही पातेली विकली गेली होती.

भावाशी बोललो. तो म्हणतो विकू, मी म्हणतो ठेवू. आई दोघांचं ऐकून म्हणाली, "ठेवायचं तर तिथे राहायला कोण जाणार ते आधी सांगा. कुलूप लावायला मला घर नको." मला उत्तर देता आलं नाही. माझी नोकरी अंबरनाथला, मुलीची शाळा बदलापूरला.

बाई, तुम्ही अजून त्याच भागात राहता का?

---

वर्गशिक्षिका

हो, इथेच. तुला अरे-तुरे करते, चालेल ना? शाळेच्या सवयीने तुम्ही म्हणायला जड जातं.

तुझ्या आईचा प्रश्न बरोबर आहे. नऊ कुलपांची यादी कर आणि त्या नऊ घरांना फोन लाव. किती जण स्वतः राहायला येणार, किती देणार, किती विकणार, हे सह्या होण्याआधी एकमेकांना कळलं पाहिजे. राहणारी दहा घरं असली तर देखभालीसाठी भांडता येतं, तीन असली तर येत नाही. तुझ्या मुलीची दहावी कधी? कॉलेजला ती परळ-दादरकडे येणार असेल तर आजीबरोबर कोण राहणार, याचं उत्तर तिलाही विचार.

करारनाम्याची प्रत मिळाली की घेऊन ये, मजल्यावरच्या चारही कुटुंबांना बोलावून एकत्र वाचू. आईला घेऊन ये. त्या काकूंची पातेली कोणत्या साली गेली ते मला तिच्याकडून ऐकायचं आहे.